मुलीच्या कागदावर पेन्सिल टेकवू नका

प्रश्न म्हापशाजवळच्या एका ताईंचा आहे. त्यांची मुलगी सातवीत आहे. पाचवीपर्यंत तिनं घरातली भिंत सोडली नाही, वह्यांची मागची पानं सोडली नाहीत. आता वर्षभर पेन्सिलीला हात लावत नाही. विचारलं की एकच उत्तर, "म्हाका येना." मला येत नाही. ताई विचारतात: तिच्यात मुळात कला होती का, की आम्हीच उगाच कौतुक करत बसलो? क्लास लावावा का? तिचे बाबा म्हणतात, आता अभ्यास महत्त्वाचा. आणि चित्रकलेनं माणूस घडतो असं तुम्ही शिक्षक म्हणता, ते खरंच घडतं की ते गॅदरिंगच्या भाषणातलं वाक्य आहे?

शेवटचा प्रश्न मला आवडला, कारण ते वाक्य गॅदरिंगमध्ये मी स्वतः बोललो आहे. एकदा नव्हे, बरेचदा. गोव्यात डिचोली आणि सत्तरी तालुक्यांतल्या हायस्कुलांत मी ३१ वर्षं चित्रकला शिकवली. त्यातली पहिली आठ-दहा वर्षं मी वाईट शिकवलं, हे आधी सांगून टाकतो.

पण आधी तुमच्या मुलीचं "येना".

लहान मूल दिसतं ते काढत नाही, माहीत आहे ते काढतं. टेबलाला चार पाय असतात हे माहीत असतं, म्हणून चारही पाय काढायचे, मग ते मागचे का असेनात. घराच्या भिंतीतून आत बसलेली आजी दिसते, कारण आजी आत आहे हे पक्कं ठाऊक असतं. आकाश म्हणजे वर निळी पट्टी, जमीन म्हणजे खाली तपकिरी पट्टी, मध्ये कागद कोरा. त्या वयात त्याला काहीच खटकत नाही. नऊ ते बाराच्या दरम्यान कधीतरी खटकू लागतं. आपण काढलेलं मांजर आणि ओट्यावर बसलेलं मांजर यांत फरक आहे, हे एक दिवस दिसतं. डोळा पुढे गेलेला असतो आणि हात अजून तिथंच असतो. मूल हाताला दोष देतं आणि पेन्सिल ठेवून देतं.

व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाचे एक कलाशिक्षक होते, मूळचे ऑस्ट्रियातले, पुढे अमेरिकेत शिकवलं. मुलांच्या चित्रांचे वयाप्रमाणे टप्पे त्यांनी मांडले, त्यात नऊ ते बारा हा टप्पा वेगळा काढून दाखवला: मुलाला वास्तवाची जाणीव होऊ लागते ते हे वय. टप्पे काही रेल्वेच्या वेळापत्रकासारखे पाळले जात नाहीत. सातवीतच इंजिनियरसारखं चित्र काढणारी मुलं मी पाहिली आणि दहावीत चारही पाय काढणारीही. तरी ढोबळमानानं ते खरं आहे. ताई, तुमची मुलगी वाईट काढू लागलेली नाही. तिला चांगलं-वाईट दिसू लागलं आहे. काळजी करण्यासारखी गोष्ट ही की या वेळी घरातली आणि शाळेतली मोठी माणसं नेमकं चुकीचं काहीतरी करतात. मी केलं ते सांगतो.

आठवीतला मुलगा, सत्तरीतल्या एका वाड्यावरचा, घरी म्हशी. वर्गात 'आवडता प्राणी' दिला होता. त्यानं म्हैस काढली. अंग जाडजूड, पाय काटक्यांसारखे आणि शिंगं अशी की हँडल उलटं लावलेली सायकल. मी त्याच्या बाकाशी गेलो, त्याच्याच हातातली पेन्सिल घेतली आणि दोन रेघांत शिंगं नीट केली. म्हैस उभी राहिली. मला स्वतःचंच कौतुक वाटलं. त्यानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "सर, आतां ती तुमची म्हस."

मी हसलो. वर्ग हसला. मला वाटलं, गमतीनं म्हणतोय.

त्यानंतर वर्षभर तो मुलगा पुसट रेघांत काहीतरी मांडून कागद माझ्याकडे सरकवायचा आणि वाट बघायचा. मी दुरुस्त करायचो. मला वाटायचं, पोराचा माझ्यावर विश्वास आहे. त्यानं चित्र काढणं त्या म्हशीच्या दिवशीच थांबवलं होतं, हे समजायला मला फार वर्षं लागली. ते समजलं तेव्हापासून मुलाच्या कागदाला माझी पेन्सिल लागली नाही. दाखवायचंच असेल तर शर्टाच्या खिशात रद्दी कागदाचे तुकडे असायचे. त्यावर काढून दाखवायचं आणि लगेच चुरगळून खिशात टाकायचं. चुरगळणं महत्त्वाचं, नाहीतर मुलं त्यावरून नक्कल करतात.

घरात हे जास्त होतं. आई-बाबा, मावशी, क्लासचे सर, सगळे प्रेमानं "दे इकडे, मी दाखवते" म्हणतात. प्रोजेक्टच्या आदल्या रात्री तर अर्धं गोवा मुलांची चित्रं रंगवत बसलेलं असतं. ताई, तुमच्याकडून हे झालं असेल तर स्वतःला दोष देत बसू नका, मी पगार घेऊन केलं आहे. फक्त आजपासून थांबवा.

आता खोडरबराबद्दल, कारण माझं बरंचसं शिकणं त्यातून झालं.

सांगे तालुक्यात रिवणजवळ उसगाळीमळला कुशावती नदीच्या काठी जांभ्या दगडाच्या पठारावर कोरलेली चित्रं आहेत. हजारो वर्षांपूर्वीची, शिकार करणाऱ्या माणसांनी काढलेली: बैल, हरणं, एक वर्तुळात वर्तुळं गुंतलेला चक्रव्यूह. गावकऱ्यांना ती जागा ठाऊक होती, अभ्यासकांच्या नजरेत ती १९९३ च्या सुमारास आली. आम्ही एकदा नववीची मुलं नेली. बस लांबची, रस्ता वळणांचा, दोन मुलं वाटेत ओकली. पोचल्यावर मात्र मुलं दगडावर पालथी पडून बोटांनी रेघा गिरवू लागली. बैलाच्या पाठीची रेघ बघा, मानेपासून शेपटीपर्यंत एक. एरवी वर्गात झोपणारा एक मुलगा बराच वेळ ती रेघ बोटानं चाचपून म्हणाला, "हाणें बैल बरो पळयला." म्हणजे यानं बैल नीट पाहिलाय. "चांगला काढलाय" म्हणाला नाही तो. मी ते वाक्य पुढे कित्येक वर्षं वर्गात वापरलं, त्याचं नाव न सांगता.

दगडावर खोडरबर चालत नाही. परतताना बसमध्ये माझ्या डोक्यात तेच होतं. पुढच्या जूनमध्ये मी सहावीच्या वर्गाला सांगितलं, पहिली सहामाही रबर घरी ठेवायचं. चुकीची रेघ चुकीची राहू दे, तिच्याशेजारी दुसरी काढा. मुलं गोंधळली. पालक तर वह्या घेऊन आले, "सर, वही घाण दिसते हो." खरंच घाण दिसायची. एका चेंबूला, पाणी भरायच्या साध्या तांब्याला, सहा-सहा कडा. पण तिसऱ्या महिन्यात एक गोष्ट दिसू लागली: मुलं रेघ मारण्याआधी थांबून वस्तूकडे बघू लागली. पूर्वी हात आधी चालायचा, रबर मागून यायचं. काही मुलं दहा मिनिटं नुसती बघायची. शेजारच्या वर्गावरचे सर म्हणाले, तुमचा वर्ग ध्यानाला बसलाय काय?

चित्रानं माणूस कसा घडतो, याचं माझ्याकडे असलेलं उत्तर साधारण एवढंच आहे. आपली चुकलेली रेघ सगळ्यांना दिसेल अशी कागदावर असताना तिच्या शेजारी पुढची रेघ मारायची सवय लागते. गणितात उत्तर चुकलं की लाल फुली येते आणि ते संपतं. चित्रात चुकलेल्या रेघेसोबतच पुढे जायचं असतं, आणि पुष्कळदा तीच रेघ चित्राला जिवंत ठेवते. ही सवय सगळ्यांना लागते का? नाही. माझ्या वर्गात तीन-तीन वर्षं कंटाळून बसलेली मुलं होती, आणि त्यांचा कंटाळा खरा होता. पण ज्यांना लागली त्यांच्यातला एक आज इलेक्ट्रिशियन आहे. जुन्या घरात वायरिंग करायला गेला की आधी भिंतीचं चित्र काढतो, म्हणाला. भिंत कुठं फुगली आहे, ओल कुठून आली आहे, जुना खिळा कुठं आहे. "सर, काढल्याबिगर दिसत नाही." तो कलाकार नाही, व्हायचंही नव्हतं त्याला.

चित्रकलेनं मार्क वाढतात, उजवा मेंदू जागा होतो, असं सांगून फी घेणारे क्लास मला आवडत नाहीत. डावा मेंदू हिशोबाचा आणि उजवा कलेचा ही वाटणी इतकी सरळ नाही. चित्र काढताना दोन्हीकडे काम चालू असतं. बघायला शिकणं हीच पुरेशी मोठी गोष्ट आहे, तिला मार्कांची शिफारस कशाला?

मग मुलीला पुन्हा कागदाकडे कसं आणायचं? कौतुकानं येणार नाही. बारा वर्षांच्या मुलीला "छान काढतेस गं" म्हटलं की तिला कळतं की तुम्ही खोटं बोलताय, कारण तिचा डोळा आता तुमच्याइतकाच तयार आहे. तिच्या हाताला डोळ्यापर्यंत पोचायला शिडी हवी आहे.

पहिली शिडी अमेरिकेतल्या किमोन निकोलाइडिस या चित्रशिक्षकामुळे जगभर पोचली. समोर एखादी वस्तू ठेवायची. गोव्याच्या घरात नारळ खवायच्या विळीइतकी सुंदर वस्तू दुसरी नाही, पण पातं आहे, जरा जपून. पेन्सिल कागदावर टेकवायची आणि मग कागदाकडे बघायचंच नाही. डोळा वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीनं सरकवायचा, हात त्याच्याबरोबर. पेन्सिल उचलायची नाही. पाच मिनिटं. शेवटी कागदावर जे येतं ते बघून घरातले सगळे हसतात, आणि ते हसणं उपयोगाचं आहे. हे चित्र चांगलं यायचंच नव्हतं, त्यामुळे "येना" म्हणायला जागाच राहत नाही. आठवडाभर रोज एक केलं की रेघेत काहीतरी बदलतं. तिथं ती विळी असते, विळीचं ठरलेलं चिन्ह नसतं.

दुसरी शिडी माडाची. नारळाचं झाड काढायला सांगितलं की मूल केसांना फणी फिरवावी तशा झावळ्या काढतं. मी सांगायचो, झावळी काढूच नका, झावळ्यांमधून दिसणारे आकाशाचे तुकडे काढा. एक तुकडा त्रिकोणी, एक चाकूसारखा, एक बारीक. तुकडे एकमेकांना लावत गेलं की माड आपोआप उभा राहतो. मुलांना ही जादू वाटते. मलाही अजून वाटते. खुर्चीच्या पायांमधल्या जागा, जिन्याच्या कठड्यामधल्या जागा, सगळीकडे हे चालतं. ज्या आकाराला नाव नाही तो आकार मूल खरोखर बघतं, कारण त्याचं ठरलेलं चित्र डोक्यात नसतं.

डोक्यातल्या ठरलेल्या चित्राचा मला जुना राग आहे, तेव्हा थोडं विषयांतर.

तुम्हीही ते काढलं असेल. दोन त्रिकोणी डोंगर, मधोमध उगवता सूर्य, त्यातून वाकडी नदी, काठावर झोपडी, एक माड, आकाशात टिकमार्कसारखे पक्षी. सत्तरीतल्या शाळेच्या खिडकीतून सह्याद्री दिसायचा, लांबच लांब, वर सपाट, पावसाळ्यात अर्धा ढगात. त्या खिडकीशी बसून मुलं दोन त्रिकोण काढायची. एका जुलैमध्ये मी विचारलं, तुमच्यापैकी किती जण झोपडीत राहतात? कुणीच नाही. मग पावसातलं आपलं घर काढा, खरं. पुढच्या आठवड्यात मंगळुरी कौलं आली, तुळशीवृंदावन आलं, पश्चिमेच्या बाजूला पावसाची झड अडवायला बांधलेल्या झावळ्या आल्या आणि जवळजवळ प्रत्येक चित्रात निळं प्लास्टिक आलं. लाकडांवर निळं प्लास्टिक, स्कूटरवर निळं प्लास्टिक, मागच्या पडवीला निळं प्लास्टिक. एका मुलीनं घरापेक्षा प्लास्टिक मोठं काढलं होतं, वाऱ्यानं फुगलेलं, आणि खाली ते धरून उभी असलेली आई. माझ्या नोकरीतली मला आठवणारी चित्रं दहा-बारा असतील. त्यात हे आहे.

हिरव्याचंही तसंच. ट्यूबमधला हिरवा जसाच्या तसा लावला की सगळं झाड प्लास्टिकचं दिसतं. जुलैमध्ये खिडकीतून हिरवे मोजायला सांगायचो. लावणीच्या रोपांचा पिवळट हिरवा, काजूचा काळपट, जांभ्याच्या भिंतीवरच्या शेवाळाचा जवळजवळ पोपटी, दूरच्या डोंगराचा निळा पडलेला. मग पिवळा आणि निळा मिसळून, त्यात कमी-जास्त करून, प्रत्येक हिरवा तयार करायचा. फार भडक झाला तर चिमूटभर लाल. लाल टाकल्यावर हिरवा शांत होतो, हे मुलांना पटत नाही, करून बघावं लागतं.

लालही गोव्यात विकत घ्यावा लागत नाही. आपल्याकडच्या जुन्या देवळांच्या भिंतींवर पांढऱ्यावर लाल असं जे कावीचं काम दिसतं, त्यातली काव म्हणजे आपल्याच लाल मातीतला रंग. चुन्याच्या गिलाव्यावर कावेचा पातळ थर द्यायचा, गुळगुळीत दगडानं घोटायचा आणि ओला असतानाच वरचा लाल कोरून काढून खालचा पांढरा दाखवायचा. रंग लावून नव्हे, काढून चित्र. आम्ही वर्गात कौलाच्या तुकड्यांवर प्रयत्न केला. पहिल्या खेपेला सगळ्या गिलाव्याला तडे गेले, कारण मी घाईनं उन्हात ठेवला. दुसऱ्या खेपेला सावलीत, ओल्या गोणपाटाखाली ठेवला, मग जमलं. त्याच काळात हळदीत चुना कालवून लाल करायचा खेळही झाला. पिवळ्याचा लाल होताना बघून आठवीची मुलं पहिलीतल्यासारखी ओरडली होती. हळदीचा रंग उन्हात उडतो, म्हणून ती चित्रं आज नाहीत.

आता "मुळात कला होती का" याचं उत्तर. मला ठाऊक नाही, आणि बाराव्या वर्षी ते कुणालाच ठाऊक नसतं. आपल्याच मातीतली माणसं बघा. सांत इस्तेव्हला १९०२ साली जन्मलेले आंजेलो द फोन्सेका आधी मुंबईत डॉक्टरकी शिकायला गेले, ती सोडून चित्रकलेकडे वळले, मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयातून शांतिनिकेतनला पोचले आणि येशूच्या आईला, मरियेला, साडी नेसवून चित्रं काढली. ती गोव्यातल्या लोकांना रुचली नाहीत, म्हणून पुण्यात राहिले. साळगावच्या फ्रान्सिस न्यूटन सोझा यांना शाळेनं काढलं, पुढे जे. जे. नंही काढलं. मडगावचे लक्ष्मण पै सुरुवातीला मामांच्या फोटो स्टुडिओत काळ्यापांढऱ्या फोटोंना रंग भरायचे. १९७७ ते १९८७ ते पणजीच्या गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. यातल्या कुणाच्या बाराव्या वर्षी पालकांनी विचारलं असतं तर कोणता शिक्षक छातीठोक उत्तर देऊ शकला असता? ही नावं मुलीला ऐकवू नका मात्र. मोठ्या माणसांच्या गोष्टी ऐकून मुलं आपली वही आणखी आत सरकवतात.

क्लासबद्दल. लावायला हरकत नाही, पण आधी एकदा नुसतं जाऊन भिंत बघा. भिंतीवर वीस मुलांची वीस चित्रं असतील आणि सगळ्यांत तोच मोर त्याच दिशेला मान वळवून उभा असेल, तर चहा घेऊन परत या. सरांना किंवा टीचरना विचारा, एखाद्या मुलाचं बिघडलेलं चित्र दाखवता का? ज्यांच्याकडे ते जपून ठेवलेलं असेल त्यांच्याकडे मुलीला बिनधास्त पाठवा.

एलिमेंटरी, इंटरमिजिएटसारख्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांना मी विरोध करत नाही. वस्तुचित्रानं हात बसतो, भूमितीनं शिस्त येते. माझं भांडण स्मरणचित्राशी आहे, आणि तेही विषयाशी नव्हे, तयारीशी. नाव स्मरणचित्र, पण क्लासमध्ये 'बाजार', 'पावसाळा', 'नळावरच्या बायका' अशी पाच चित्रं पाठ करून घेतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारापासून हाकेवर राहणारी मुलगी मिरच्या, चोरीस म्हणजे पोर्कचे सॉसेज, केळ्यांचे घड सोडून कुठल्यातरी पुस्तकातली टोपलीवाली बाई काढते. तिला परीक्षेला बसवायचं तर दोन वर्षांनी बसवा. आत्ता नको.

आणि स्पर्धा. गोव्यात चवथीपासून, म्हणजे गणेशचतुर्थीपासून, कार्निव्हलपर्यंत दर महिन्याला एक चित्रकला स्पर्धा असते. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. ज्या मुलांना चित्र काढायला मुळातच आवडायचं, त्यांतल्या काहींना आधी सांगून प्रशस्तिपत्र दिलं. काही दिवसांनी रंग समोर मोकळे ठेवले तेव्हा बक्षिसाच्या बोलीवर काढणारी मुलं इतरांपेक्षा कमी वेळ चित्र काढत होती. ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं आणि नंतर अचानक प्रशस्तिपत्र मिळालं, त्यांचं काही बिघडलं नाही. मी हा प्रयोग वाचायच्या आधी माझ्या वर्गात तो वीस वर्षं चालला होता, फक्त कुणी नोंद ठेवली नव्हती. बक्षीस मिळालेली मुलं पुढच्या स्पर्धेची तारीख विचारायची. न मिळालेली विचारायची नाहीत.

मोबाइलवरची ॲनिमेची चित्रं गिरवते म्हणून तुम्ही तक्रार लिहिली आहे, म्हणजे अधूनमधून हात चालतो तर! गिरवू द्या. कुंकळ्ळीच्या चितारींनी, म्हणजे लाकूड रंगवणाऱ्या कारागिरांनी, आणि आपल्या गणपतीच्या चित्रशाळांतल्या कारागिरांनी पिढ्यान् पिढ्या नक्कल करतच हात बसवला. फक्त पुढची पायरी सुचवा. त्या मोठ्या डोळ्यांच्या मुलीला म्हापशाच्या बाजारात उभी कर. पावसात, छत्री उलटी झालेली. तिनं ते काढलं की नक्कल तिथंच संपते.

काही मुलं डोळ्यानं कमी आणि अंगानं जास्त शिकतात. लोवेनफेल्ड व्हिएन्नात अंध मुलांना मातीकाम शिकवायचे, हे त्यांच्या तिथेच लक्षात आलं होतं. माझ्या एका वर्गात एक मुलगा होता, कागदावर त्याची माणसं कायम डावीकडे कलंडलेली. दिवाळीच्या आधी वाड्यावर नरकासुराचा पुतळा करताना त्याला पाहिला, तर सगळ्या मोठ्या पोरांना तोच सांगत होता की उचललेल्या हाताचं वजन मागच्या पायावर कसं घ्यायचं, बांबू कुठं आडवा बांधायचा. गवत, कागद, तार आणि बांबूचा पंधरा फुटी राक्षस पहाटेपर्यंत सरळ उभा होता. तोल त्याला कळत होता, कागदावर नव्हे एवढंच. तेव्हा तुमच्या मुलीला कागद नकोच असेल तर चवथ येते आहे. जवळच्या चित्रशाळेत तिला घेऊन जा. गर्दीच्या दिवसांत नको, महिनाभर आधी, मूर्तींना नुसती माती असताना, रंग लागायच्या आत. मूठभर चिकण माती मागितली तर कुणी नाही म्हणत नाही. आणि घरी माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावरची फळाफुलांची चौकट, बांधली की तिला खाली आडवी पडून वर बघायला सांगा. कांगलां, घागऱ्या, अंबाडे, सुपारीचं शिपटं, तोरिंगण, चिबूड, सगळं खालून बघितलं की ओळखीचं काहीच उरत नाही, नुसते आकार लोंबत असतात. माझा चवथीचा गृहपाठ कायम हाच असे, आणि घरच्या भटजींची तक्रारही कायम हीच, की पोर पूजेत आडवं पडलं.

तिच्या बाबांना सांगा, रविवारचा अर्धा तास पुरे आहे. अभ्यासाचं काही बिघडणार नाही.

सामान थोडं लागतं. एक २बी आणि एक ४बी पेन्सिल, टोक ब्लेडनं काढलेलं आणि लांब, म्हणजे आडवी धरून जाड रेघही मारता येते. महागडी स्केचबुक नको, तिच्यात बिघडवायची भीती वाटते. झेरॉक्सच्या कागदांचा गठ्ठा आणा. रबर कपाटात. तिनं चित्र दाखवलं तर "हे काय आहे?" आणि "छान!" हे दोन्ही शब्द गिळा आणि कागदावर खरंच जे दिसतं त्यातलं एक काहीतरी बोला: ही रेघ इथं जाड का झाली, हा तुकडा तू शेवटी काढलास का. आणि दाखवलं नाही तर मागू नका.

कागद मात्र एकही टाकू नका. सगळे एका खोक्यात, मागच्या बाजूला कोपऱ्यात पेन्सिलीनं तारीख घालून. पुढच्या बाजूला तारीखही नको, ती बाजू तिची आहे.